उरणच्या धक्क्यावरील बारा पडद्यांची मोहीम

पनवेल शहरी, एसटी स्थानकाचे पिछाडीस, तिसरे मजल्यावर सॉफ्टवेअरचा कारखाना नांदतो. तेथून उरणावर जी मोहीम निघाली तिजविषयी मागाहून लोक भलतेसलते बोलू लागले, सबब जैसे घडले तैसे लिहिले असे.

उरणच्या मासळी विकणाऱ्या बायांचे संस्थेस एक ॲप हवे होते, की आपापली बोट धक्क्यास कधी लागणार ते अगोदर कळावे. कारखान्याचे मुख्य सत्यजीतराव, बहुत हिकमती पुरुष. त्यांनी कोणासही न पुसता, खुर्चीवर बसल्या बसल्या बारा पडद्यांचा नमुना सिद्ध केला. त्यात पासवर्ड होता, फोटो चढविणे होते आणि बोटीस तारे बहाल करणेही होते. मग कीर्तीबाईंस फर्मान जाहले की, बायांस काय हवे ते आम्ही जाणतो, तुम्ही केवळ मान्यता घेऊन येणे. कीर्तीबाईंस नोकरीस लागून दोन मास जाहले होते आणि कायम होणे याच मान्यतेवर अडले होते, म्हणोन त्यांनी मान लवविली आणि सकाळची एसटी धरिली.

धक्क्यावर संस्थेच्या मुख्य जनीबाई पाटीपाशी बसल्या होत्या. कीर्तीबाईंनी अदबीने फोन पुढे केला आणि जनीबाईंनी अंगठा टेकविला, आणि पडदा ढिम्म; पुन्हा टेकविला, आणि पडदा भलतीकडे पळाला, कारण अंगठ्यास पाणी आणि खवले. तिसरे चढाईस पासवर्ड आडवा आला. तेव्हा जनीबाई कडाडल्या, "पोरी, हात मासलीन हायेत माजे. पुसू कवा नि दाबू कवा? घरान सासू आंथरुनावर हाय, तिला पेज भरवाची सोडून मी हतं चार-चार तास बोटीची वाट बघतंय. मना तुजे तारे नको!"

कीर्तीबाई मनी शरमल्या. बारा पडद्यांत ही सासू कोठेच नव्हती. मग त्यांनी फोन पिशवीत टाकिला, बर्फाचे पेटीचे थर्माकोली झाकण मांडीवर घेतले आणि मार्करने चौकटी काढू लागल्या, आणि जनीबाई ओल्या अंगठ्याने त्या पुसू लागल्या. यादी काढिली, ती गेली. नकाशा काढिला, तोही गेला.

"मग उरलं काय, मावशी?"

"फोनानं मोठ्यानं वरडाचा, बोट आली म्हनून. बाकी काय नाय."

ऐसा तह ठरला की, बोट खाडीत शिरताच ती हाकणाऱ्या तांडेलाने एक बटण दाबावे आणि बायांचे फोनांनी, कोणी हात न लाविता, बोटीचे नाव पुकारावे.

ते झाकण पनवेलीं सत्यजीतरावांचे काचेच्या मेजावर ठेविले, तेव्हा वासाने अवघा दरबार हालला. राव संतापून म्हणाले, "बारा स्क्रीन्स फेकून द्यायच्या? क्लायंटला काय दाखवू, थर्माकोल?"

कीर्तीबाईंनी बाटलीतील पाणी रावांचे हातावर ओतिले आणि त्या म्हणाल्या, "सर, आता लॉगिन करून दाखवा."

रावांनी चार चढाया केल्या, पाचवीस खातेच कुलूपबंद जाहले. अकरा पडदे तेथेच कामी आले.

पुढील शनिवारी परीक्षा. बोट खाडीत दिसू लागली आणि जनीबाईंची जागा मोकळीच, तेव्हा कीर्तीबाईंचा जीव टांगणीस लागला. इतक्यात गल्लीतून आरोळी ऐकू आली, "दर्यादौलत आली! दर्यादौलत आली!" कमरेच्या बटव्यात फोन ओरडतो आहे आणि जनीबाई, केस विंचरून, वर अबोलीची वेणी माळून, सावकाश चालत येत आहेत.

मान्यतेवर सही जाहली आणि नजराणा म्हणोन दोन पापलेटे कागदात बांधून मिळाली. कीर्तीबाई जन्माच्या शाकाहारी. परंतु मानाचा नजराणा परतविणे रीतीस धरून नव्हे, म्हणोन तो लॅपटॉपशेजारी ठेवून त्या एसटीत चढल्या. मग एकेक उतारू नाकास रुमाल लावून उठत गेला, आणि तिघांचे बाकावर एकट्याच विराजमान होऊन विजयी स्वारी पनवेलीं दाखल जाहली. उरण फत्ते जाहले, हे दफ्तरी दाखल असे.