पाच ड्रम, एक खोकं

मुलीने ड्रमसेट न्यायला टेम्पो सांगितलाय हे कळलं आणि मास्तरांचा पापड मोडला. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सामान हलवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं पॅकर होते, म्हणून पॅकिंगमास्तर. त्यांच्या हातून कधी कपाचा कानसुद्धा उडाला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्या तोंडून न ऐकलेला शेजारी शोधून सापडला नसता. अशा माणसाच्या घरात पाच ड्रमसाठी टेम्पो?

मुलगी सकाळी नुसत्या काठ्या घेऊन तालमीला गेली. तिथून ती परस्पर कार्यक्रमाच्या हॉलवर जाणार होती. मास्तरांनी टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि बाह्या सरसावल्या.

आता स्वयंपाकघरातली पातेली कशी ठेवतात? एकात एक. मास्तरांनी चार ड्रमचे वरचे पडदे काढले, बत्तीस स्क्रू सुटे केले, सगळ्यात मोठ्याच्या पोटात त्याहून लहान असं करत पाचही ड्रम एका खोक्यात बसवले. फटींमध्ये जुनी गोधडी कोंबली. वर चिकटपट्टीचे सात वेढे दिले. स्टँड आणि झांजा मागच्या सीटवर ठेवल्या, आणि छोट्या गाडीची डिकी आरामात लागली. मास्तरांनी बायकोला मुद्दाम खाली बोलावून ती बंद डिकी दाखवली.

कार्यक्रम एका कारखान्याच्या वर्धापनदिनाचा होता, दुपारी चारचा. बँडचा जुना ड्रमर सोडून गेला होता आणि मुलीची आज परीक्षा होती. नीट वाजवलं तर ती जागा तिची, नाहीतर दुसरं कुणीतरी. तसं गिटारवाल्याने तिला स्पष्टच सांगितलं होतं. त्यात कारखान्याच्या व्यवस्थापकांनी बजावलं, की चारला तयार नसाल तर साहेबांचं भाषण सुरू होईल, आणि साहेब एकदा बोलायला लागले की पुढचे कार्यक्रम आपोआप रद्द होतात.

साडेतीनला मास्तर आणि त्यांच्या बायकोने स्टेजवर खोकं आणलं. पट्टी कापायचं पातं मास्तरांनी कुठे हरवू नये म्हणून खोक्यातच ठेवलं होतं. शेवटी गिटारवाल्याने गाडीच्या किल्लीने सात वेढे फाडले. आत बघून मुलगी मटकन खालीच बसली.

"बाबा, पडदे काढलेत तुम्ही?"

"मग काय. एकात एक बसवलेत. एक ओरखडा दाखव."

"दोन दिवस बसून सूर लावला होता मी त्यांचा. आता अर्ध्या तासात कसा लावू?"

मास्तरांचा चेहरा उतरला. सूर नावाची वस्तूही त्या सामानात आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गपचूप खिशातून बत्तीस पुड्या काढल्या. प्रत्येक पुडीत एक स्क्रू, आणि पुडीवर पेन्सिलीने लिहिलेलं : मोठा ड्रम, तीन नंबर, साडेपाच फेरे.

"फेरे म्हणजे?" मुलीने विचारलं.

"उघडताना किती फेऱ्यांनी सुटला ते. कुणाचं काही उघडलं की मी मोजतोच. नाहीतर लोक म्हणतात, आधी असं नव्हतं."

मुलीने एक पुडी उलटसुलट करून वाचली. मग तिने डोळे पुसले आणि खोक्यातून स्क्रू फिरवायची किल्ली काढून बापाच्या हातात दिली. आई पुड्या वाचू लागली, मास्तर मोजून फेरे देऊ लागले, मुलगी कान लावून टिचकी मारत पुढे सरकू लागली. कारखान्याचे कामगार खुर्च्या सोडून पुढे आले आणि मास्तरांबरोबर मोठ्याने फेरे मोजू लागले. साहेबांनी भाषणाचा कागद दोनदा उघडला, दोनदा मिटला. चारला तीन मिनिटं असताना बत्तिसावा स्क्रू बसला. मुलीने सगळ्या ड्रमवरून एकदा काठ्या फिरवल्या. दोन ठिकाणी पाव फेरा लागला, बस.

मग ती वाजवायला बसली. घरी ती रबराच्या पाटावर सराव करायची, त्यामुळे मास्तरांनी आजवर फक्त टपटप ऐकली होती. इथे पहिला ठोका छातीत बसला. तिसऱ्या गाण्याला साहेब पायाने ताल धरून होते आणि मास्तर दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून, न लाजता रडत होते.

कार्यक्रम संपल्यावर गिटारवाल्याने मुलीला एवढंच सांगितलं, की पुढच्या रविवारी तालीम नऊला, उशीर चालणार नाही. मास्तर आनंदाने स्क्रूची किल्ली घेऊन पुढे झाले.

"आता एकाही स्क्रूला हात लावायचा नाही," मुलगी म्हणाली.

त्यामुळे परतीचा प्रवास असा झाला. स्टँड आणि झांजा गिटारवाल्याच्या गाडीत गेल्या. मुलगी गाडी चालवत होती, आईच्या मांडीवर दोन ड्रम होते, डिकीत दोन, आणि मागच्या सीटवर सगळ्यात मोठा ड्रम उघडाबोडका मांडीवर घेऊन मास्तर. त्याच्यामागे त्यांचे फक्त डोळे दिसत होते. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने वाकून विचारलं, "काका, कुणाचा माल?"

हा प्रश्न मास्तरांना एकतीस वर्षांत हजार वेळा आला होता, आणि प्रत्येक वेळी त्यांनी एकच उत्तर दिलं होतं : पार्टीचा.

"माझ्या मुलीचा आहे," मास्तर म्हणाले. "ड्रमर आहे ती. ही काय, गाडी चालवतेय."

सिग्नल सुटला, स्कूटरवाला केव्हाच पुढे गेला, तरी मास्तर खिडकीबाहेर तोंड काढून त्याला सांगतच होते.