दीक्षाच्या पोटाची शिकवणी

"आठ दिवसांत हिचं पोट शिस्तीला लावतो, नाहीतर नावाचा निवृत्ती नाही!"

सिकंदराबादजवळच्या अंबरपेठेतल्या घरात आबांनी भर जेवणात जाहीर केलं. पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस. नातीचं पोट ते काय! दीक्षाला गाडी लागायची. रिक्षानं गल्लीचं वळण घेतलं, की पोरीचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा! आणि शनिवारी शाळेची सहल, तीही बसनं. मिसनी बजावलं होतं, "उलटी होणार नाही अशी घरच्यांनी सही द्यावी, तरच नेऊ."

"अहो, पोरीचे हाल करू नका," दीक्षाची आजी मालनबाई म्हणाल्या.

"हाल नाही, अभ्यास!"

आबांची रीत ठरलेली. सोप्याकडून अवघडाकडे! सोमवारी उभ्या रिक्षात दहा मिनिटं बैठक. रिक्षावाला चक्रावला.

"चाचा, जाना किधर है?"

"कहींच नहीं! सिर्फ बैठना है!"

मंगळवारी चालती रिक्षा, बुधवारी मेट्रो. मान सरळ, नजर लांब. दीक्षा दोन्हीकडे पास!

गुरुवारी मोठी परीक्षा, सिकंदराबादची सिटी बस. पुढे धक्के कमी, म्हणून आबांनी पुढची सीट पकडली. टेकतात तोच कंडक्टरबाई कडाडल्या, "ओ चाचा! आगे लेडीज! पीछे चलो!"

शिकवण्याच्या नादात आबा हेच विसरले होते! दीक्षा राहिली पुढे बायकांत आणि आबा थेट शेवटच्या सीटवर. तिथूनच त्यांनी हातवारे सुरू केले. मान वर! लांब बघ!

"वो बुड्ढा तेरेकू इशारे कर रा क्या?" शेजारच्या बाईनं दीक्षाला विचारलं.

"आबा हैं मेरे. पढ़ा रहे."

"बस में?"

पाच बायकांनी वळून डोळे वटारले. गोंधळून आबांनी हात आवरले आणि वही काढली. प्रत्येक स्टॉपला नोंद, "उलटी नाही." चौथ्या स्टॉपला अक्षरं डुलायला लागली. आबांनी चष्मा पुसला. मग पोट डुललं. पोहे बाधले असतील! पण घाम कशाचा? गाडी तर लहान मुलांना लागते!

"बस थांबवा!" आबा मागून ओरडले.

झालं! पोरीलाच काही झालं असं वाटून सगळी बस दीक्षाभोवती गोळा. कुणी लिंबू धरलं, कुणी पदरानं वारा घातला.

"मेरेकू कुछ नहीं हुआ!" म्हणत दीक्षा आपली उलटीची पिशवी घेऊन मागे आबांकडे पळाली. अगदी वेळेवर पोचली बिचारी!

शुक्रवारी काचीगुड्याच्या शाळेत आबांनी झोकात सही ठोकली. मिस खूश झाल्या. "सर, बस में एक सीट खाली है. आप भी चलिए ना, बच्चों को कुछ सिखाइए!"

"नको, नको!" आबा दचकून म्हणाले. "बच्चों को स्वावलंबन सीखने दो!"

आणि काचीगुड्याहून अंबरपेठेपर्यंत पायी घरी आले.