आधी पत्ता, मग भिंती

सोनटक्के भाड्याचे घर पाहायला जात, तेव्हा घरात शिरत नसत. समोरच्या पदपथावर उभे राहून नकाशा उघडत आणि घर दाखवायला दार उघडून उभ्या असलेल्या बाईंना विचारत, "या पत्त्यावर शाळेची बस किती वाजता येते?" उत्तर पटले नाही, तर तेथूनच परत फिरत. आत किती खोल्या आहेत, हे त्यांच्या पत्नी वैशालीबाई नंतर पाहत.

"आधी पत्ता, काका, मग भिंती," ते मला सांगत.

मी निवृत्त होऊन अमेरिकेतल्या कॅरी गावी मुलाकडे राहायला आलो, तेव्हा सोनटक्के आमच्याच वसाहतीत होते. मूळचे नागपूरचे, नोकरी संगणकाची. त्यांना एकच ध्यास होता. येथील काही सरकारी शाळांना मॅग्नेट म्हणतात. कोठे संगीत अधिक शिकवतात, कोठे विज्ञान. प्रवेश सोडतीने मिळतो आणि सोडतीत राहत्या पत्त्याला वजन असते. सोनटक्क्यांना आपल्या रेवासाठी संगीताची शाळा हवी होती. मुलगी व्हायोलिन बरे वाजवी.

पहिल्या वर्षी त्यांनी त्या शाळेच्या फाटकासमोरच घर घेतले. नागपुरात शाळेला खेटून राहणाऱ्याला कोण नाकारतो, हा त्यांचा हिशेब. नकाराचे पत्र आले. ते मला घेऊन शिक्षण कार्यालयात गेले. तेथील बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही फार जवळ राहता. या जागा लांबच्या मुलांसाठी आहेत."

"मग लांब जातो. किती लांब जाऊ?"

बाई म्हणाल्या, असा सल्ला देता येत नाही. सोनटक्क्यांनी तेही वहीत लिहून घेतले.

त्यानंतर त्यांनी चार वर्षांत तीन घरे बदलली. प्रत्येक घराबरोबर रेवाची नेहमीची शाळाही बदलली. वैशालीबाई म्हणत, "मिठाचा डबा कुठं ठेवला ते माझ्या लक्षात राहायला लागलं, की आमचे हे ट्रक बोलावतात."

एकदा बसला खरोखर किती वेळ लागतो, हे मोजण्यासाठी सोनटक्के स्टॉपवॉच घेऊन गाडीने शाळेच्या बसमागे निघाले. तीन दिवस तीच गाडी मागे पाहून चालकाने पोलीस बोलावले. पोलिसाने वही चाळली, नकाशा पाहिला, आणि स्वतःचा पत्ता सांगून विचारले, "माझ्या मुलाचं काय होईल?" सोनटक्क्यांनी रस्त्याच्या कडेला त्याला अर्धा तास समजावले.

त्यांची कीर्ती पसरली. अर्ज भरण्याचे दिवस आले, की येथे आलेली पुण्या-मुंबईची मंडळी त्यांना फोन करीत. एका पुणेकराचा संवाद मी ऐकला आहे. तो काकुळतीला आला होता.

"अरे यार, बायकोला किचन आवडलंय!"

"किचन शाळेत जातं का? कॅन्सल करा."

त्याने कॅन्सल केले. त्याच्या मुलाला प्रवेश मिळाला. अशा अनेकांना मिळाला. रेवाला चार वेळा नकार आला.

रेवा दर रविवारी माझ्याकडे मराठी वाचायला येई. मी विचारी मराठीत, ती उत्तर देई इंग्रजीत. पाचव्या वर्षी एका रविवारी धडा अर्धा टाकून ती म्हणाली, "आजोबा, आय हॅव अ फ्रेंड नाऊ. हर नेम इज केली. डोन्ट टेल बाबा."

"का?"

"ही विल फील बॅड."

मी सांगितले नाही.

त्याच वर्षी होकार आला. दहा दिवसांत उत्तर कळवायचे होते. वैशालीबाईंनी पेढे केले. सोनटक्क्यांनी मात्र कोणाला फोन केला नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी ते वही न घेता माझ्याकडे आले.

"काय विचार करून राहिले?" मी त्यांच्याच बोलीत विचारले. ते हसले नाहीत.

"पत्र आलं त्या दिवशी लवकर निघालो, काका. म्हटलं, रेवाला बसस्टॉपवरच सांगू. गाडीत बसलो होतो. बस आली. ती एका मुलीबरोबर उतरली. दोघी हसत होत्या. रस्त्यात खाली बसून हसत होत्या. इतक्या मोठ्यानं हसते ती, मला माहीत नव्हतं."

"मग?"

"सांगितलं तिला. म्हणाली, ओके बाबा, कधी पॅक करायचं? म्हटलं, या वेळी घर बदलायचं नाही, फक्त शाळा. तर म्हणाली, ओके."

"रडली?"

"रडली असती तर सोपं होतं."

फॉर्म त्यांच्या खिशात होता. त्यांनी तो माझ्या टेबलावर पसरला, दोनदा नीट वाचला आणि 'जागा नको' या चौकटीत खूण केली. व्हायोलिनसाठी शनिवारची खासगी शिकवणी शोधू, असे ते म्हणाले. मी मान हलवली.

फॉर्म लिफाफ्यात बंद करून ते दारापर्यंत गेले आणि थांबले.

"जानेवारीत मला रोज दहा फोन येतात, काका. सोडत झाली, की मार्चपासून एकही येत नाही. तिला या शाळेत सात महिन्यांत मैत्रीण मिळाली. कशी मिळवली असेल?"

मी त्यांना सोडायला पायऱ्यांपर्यंत गेलो.

"रविवारी संध्याकाळी याल का आमच्याकडे?" त्यांनी विचारले. "काम काही नाही."

रविवारी मी गेलो. आम्ही चहा घेतला. शाळेचा विषय निघाला नाही. आत दोन मुली हसत होत्या, आणि सोनटक्के मध्येच बोलणे थांबवून ऐकत होते.