कल्हई केलेली गाणी

टेपरेकॉर्डरने कॅसेट गिळली, तीही नेमकी दूधस्पर्धेच्या दिवशी सकाळी. कानिफनाथांनी बोट घालून फीत ओढली, तर ती शेवयांसारखी बाहेर येत राहिली आणि शेवटी तुटली. दावणीला मैना गाय कासेला हात लावू देईना.

अख्ख्या काष्टी गावात मैनेसारखी गाय नाही, असं कानिफनाथांच्या पत्नी छबूबाई सांगत, आणि त्यांनी सांगितल्यावर दुसऱ्याने बोलायला काही उरत नसे. पण मैनेला एक खोड होती. इंग्रजी गाण्यांशिवाय ती पान्हा सोडत नसे. कानिफनाथ तरुणपणी नगरच्या कॅम्पात एका साहेबाचे ड्रायव्हर होते. बदली झाली तेव्हा साहेबाने चार केसाळ गोऱ्यांचा आवडता आल्बम कोऱ्या कॅसेटवर उतरवून त्यांना दिला. तेव्हापासून धारेच्या वेळी तोच वाजायचा. मैनेच्या आईने आणि आजीनेही त्याच्यावरच दूध दिलं. छबूबाईंना मात्र ती गाणी म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या गारा. धारेच्या वेळी त्या स्वयंपाकघराचं दार लावून भाकऱ्या थापत. गोठ्याकडे फिरकतसुद्धा नसत.

आज मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. गेल्या साली धाकटी जाऊ साळूबाई हिची गाय पहिली आली होती. तेव्हा छबूबाई चारचौघींत बोलून बसल्या होत्या, "फुडच्या साली तुझी गाय परत पैली आली, तर भर बाजारात तुला आक्का म्हनीन." साळूबाई त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होती.

"आजी, कशाला घाबरतेस?" पुण्याहून आलेली नात निकिता म्हणाली. "या आल्बमला पन्नास वर्षं झाली म्हणून कंपनीने तो परत काढलाय. रीमास्टर केलेला."

"म्हंजी?"

"गाणी जुनीच, पण घासूनपुसून. खरखर, कचरा सगळा काढून टाकलाय."

"कल्हई केल्यावानी?"

"अगदी तसंच."

"मग लाव. घरात निदान एक तरी वस्तू सोच्छ हू दे," छबूबाई कानिफनाथांकडे बघत म्हणाल्या.

संध्याकाळी डेअरीचे सचिव आबासाहेब माप घेऊन आले. आपल्या गाईचं माप आधीच देऊन झालेली साळूबाई नुसतीच बघायला आली. निकिताने मोबाईल स्पीकरला जोडला आणि गोठा दणाणला.

"आयला!" कानिफनाथ धार काढायचं विसरून ऐकत बसले. "ढोलाच्या मागं घुंगरू हाय व्हय! चाळीस वर्सं ऐकतोय, आज कळलं."

"घुंगरं मागनं मोजा. गाईला बघा," छबूबाई म्हणाल्या.

मैनेने कान टवकारले. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, बादली कोरडीच. तिसरं निम्म्यावर आलं तशी ती पाव्हण्याची वाट बघितल्यासारखी दाराकडे बघायला लागली. गाणं संपलं. पाव्हणा काही आला नाही. मैनेने शेपटी कानिफनाथांच्या तोंडावर मारली.

निकिताने आवाज वाढवला, तर वासरू दावं तोडून उसात पळालं. छबूबाईंनी पुढ्यात सरकी ठेवली. मैनेने सरकी खाल्ली, पान्हा चोरलाच.

"आक्का, तिला मराठीतलं लावून बघा की," साळूबाई पदराआडून म्हणाली.

"तू गप."

आबासाहेबांनी घड्याळ बघितलं. "काकू, धा मिन्टं ऱ्हायली. मग मला शून्य लिव्हावं लागंल."

"ह्यात ते न्हाई," कानिफनाथ हळूच पुटपुटले.

"काय न्हाई?"

"काय न्हाई, काय न्हाई," म्हणत ते घाईने उठले. त्यांचा पाय पेंडीच्या घमेल्यावर पडला आणि भिजलेली पेंड छबूबाईंच्या नव्या लुगड्यावर पदरापासून काठापर्यंत उडाली.

छबूबाईंचा तोल गेला. "अवो, डोळं हायती का बटनं लावल्यात? एक काम सरळ येत न्हाई! माझ्या बापानं मानूस बगून दिली का अंधारात?"

मैनेने पाठ सैल सोडली आणि मान खाली घालून निवांत रवंथ सुरू केला. कासेतून दूध आपसूक ठिबकायला लागलं.

सगळे कासेकडे बघायला लागले. ते बघून छबूबाईही थांबल्या, आणि दूधही थांबलं.

"काकू, थांबू नगा!" आबासाहेब ओरडले. "काका, बसा धारंला!"

छबूबाई थांबल्या नाहीत. पेंडीवरून त्या गेल्या दिवाळीवर गेल्या, तिथून नणंदेच्या लग्नावर, आणि तिथून स्वतःच्या हळदीवर. बादली भरली, दुसरी मागवावी लागली. साळूबाईच्या गाईपेक्षा मैनेचं दूध अर्धा लिटर जास्त भरलं.

"गाय न्हाई, आक्का, तुमीच पैल्या आला," साळूबाई म्हणाली आणि निघून गेली.

छबूबाईंनी नवऱ्याला दावणीपाशी गाठलं. "ह्यात काय न्हाई म्हनत हुता?"

"शेळी तुझ्या कुरडया खाऊन गेल्ती, आठवतं?" कानिफनाथ पायाकडे बघत म्हणाले. "तू भांडाय गोठ्यात आल्तीस. गडबडीत माझ्याकडनं आवाज भरायचं तांबडं बटन दाबलं गेलं. तिसऱ्या गान्याच्या मधी तूच हायेस. गाय तितंच सोडती."

"इतकी वर्सं! आन पुसलं का न्हाई?"

"पुसून नवं भरता आलं असतं." ते जरा घुटमळले. "पर मलाबी सवय झाल्ती."

छबूबाईंनी पदरावरची पेंड झटकली. बराच वेळ झटकत राहिल्या.

सकाळी निकिता मोबाईल घेऊन पुढे आली. "आजी, एकदाच बोल. रेकॉर्ड करून ठेवते. कायमचं काम होईल."

"मी जित्ती असताना मशीन कशाला?" म्हणत छबूबाई कंबरेवर हात ठेवून गोठ्यात उभ्या राहिल्या. मैनेने कान टवकारले. कानिफनाथ बादली घेऊन बसले. पण त्यांनी पहाटेच शेण काढलं होतं, वैरण टाकली होती, चपलासुद्धा जोडीने काढून ठेवल्या होत्या. छबूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"अवो," शेवटी त्या कळवळून म्हणाल्या, "कायतरी करा की!"

कानिफनाथांनी क्षणभर विचार केला. मग शांतपणे उठले, पाण्याची घागर उचलली आणि बाहेर नुकत्याच सारवलेल्या अंगणात सगळी ओतली.