देवीला विचारून लिहिलेली कादंबरी

नामदेवबापू कादंबरीतल्या माणसाला मारण्याआधी देवीची परवानगी घेतात. त्यांच्या देव्हाऱ्यात रेणुकाईचा चांदीचा टाक आहे. त्याला पाण्यानं कण्हेरीचं फूल चिकटवायचं आणि हात जोडून बसायचं. उजवीकडे पडलं तर माणूस जगला, डावीकडे पडलं तर गेला. असा कौल लावून लोकांनी विहिरीची जागा ठरवलेली मी पाहिली आहे. बापूंनी मंत्र्याचं अपहरण ठरवलं.

भोकरदनला माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, असलीच कामं. दोन वर्षांपूर्वी बापू पिंपळगाव रेणुकाईहून बसनं आले आणि पिशवीतून अकरा वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

"ताई, पॉलिटिकल सस्पेन्स हाय," ते म्हणाले. "भक्तीचा. जंगलातला."

आमच्याकडे जंगल म्हणजे नाल्याकाठच्या चार बाभळी. मला वाटलं, म्हातारा टीव्ही फार बघतो. मग कळलं की ते राखीव दलात लांगरी होते. लांगरी म्हणजे जवानांचा स्वयंपाक करणारा. चोवीस वर्षं त्यांनी जंगलातल्या तळांवर भाकऱ्या भाजल्या होत्या. कुणी फौजी म्हटलं की ते लगेच दुरुस्त करायचे, "फौजी न्हाई, फौजेचा आचारी."

गोष्ट अशी होती. एक नास्तिक मंत्री शांततेची बोलणी करायला गुपचूप जंगलात जातो. त्याच्या वाटेची खबर त्याच्याच पक्षातल्या कुणीतरी विकलेली असते. बंडखोर त्याला पळवतात, तो निसटतो. वनदेवीच्या ठाण्यापाशी राहणारी एक आदिवासी बाई त्याला लपवते, आणि त्याला सोडवायला जवानांची एक तुकडी निघते. वाट कुणी विकली, हे आठव्या वहीपर्यंत खुद्द बापूंनाही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "देवीनं अजून सांगितलं न्हाई."

सुरुवातीला मी हसत हसत टाइप करायचे. मग तुकडी सागाच्या रानातून निघाल्याचं प्रकरण आलं. पुढच्या माणसाच्या पाठीवरचा घामाचा डाग बघत मागचा चालतो. पाखरं गप्प झाली की सगळे जागच्या जागी बसतात. पायाखालची माती नुकती उकरलेली असेल तर तिचा वास वेगळा येतो. त्या पानावर माझी बोटं थांबली. हाताखालचं लग्नपत्रिकेचं काम तसंच ठेवून मी ती वही संपवली. सातवी शिकलेला हा माणूस दुधाची बरणी घेऊन बसमध्ये बसतो, तेव्हा शेजारच्याला कळतही नाही की याच्या पोटात एवढं रान आहे.

एकच अडचण होती. त्या कादंबरीत सगळे सतत जेवायचे. बंडखोरांचा कमांडरसुद्धा मंत्र्यावर बंदूक रोखण्याआधी भात खायचा. एका प्रकरणात तुकडी निघायच्या आधी दोन पानं नुसत्या पुऱ्या तळल्या जात होत्या. मी म्हटलं, बापू, माणसं मरायला टेकलीत आणि तुम्ही कणीक मळताय.

"मळू द्या," ते म्हणाले. "उपाशी पोटी कुणाला भाईर पाठवत न्हाई मी."

पुढे बापूंनी पुस्तक छापायला दिलं, तेव्हा छापखान्यानं पानं कमी करा म्हणून सांगितलं. मी बापूंना न विचारता तीन न्याहाऱ्या कापून टाकल्या.

मुद्रितं तपासताना त्यांच्या ते लगेच लक्षात आलं. ते रागावले नाहीत. चष्मा काढून बाकड्यावर बसले. मग सांगू लागले. तळावर तीन दिवस पावसाची झड होती, लाकडं ओली होती आणि पहाटे चूल पेटलीच नाही. आठ जणांची तुकडी नुसतं पाणी पिऊन निघाली. उत्तरेकडच्या पहाडातला मोहन नावाचा हवालदार स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, वापस आके खाऊंगा, दो रोटी ज्यादा रखना.

"आठ गेल्ते, ताई. तीन वापस आले," बापू म्हणाले. "मोहनच्या रोट्या मी दिवस बुडेस्तोर झाकून ठेवल्या."

मोहन नावाचा हवालदार कादंबरीतही होता. त्याच्यासाठी देवीनं काय कौल दिला, असं मी विचारलं.

"लावलाच न्हाई. भ्या वाटलं," ते म्हणाले. "त्याचं मी माझ्या मनानं लिवलं."

मी तिन्ही न्याहाऱ्या परत घातल्या. पुस्तक जाडजूड झालं.

प्रती आल्या त्या दिवशी बापूंनी पहिली प्रत उघडली आणि एक नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मला ऐकायला कमी येतं, स्पीकर लावून द्या म्हणाले. पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला. ती मोहनची आई होती. निवृत्त झाल्यापासून बापू तिला दर गुरुवारी फोन करतात, हे मला तेव्हा कळलं.

बापू शेवटचं प्रकरण तिला वाचून दाखवू लागले. डोळे मराठीवर होते आणि तोंडातून तळावरची हिंदी येत होती. मंत्री सुटलेला आहे. हवालदार मोहन रजेवर निघतो, पायथ्याला बसमधून उतरतो आणि पहाडाची वाट चढून घरी पोहोचतो. एवढं वाचून बापू थांबले.

मग म्हातारीनं विचारलं, "घर पे कौन था?"

हे पुस्तकात नव्हतं. बापूंनी तरीही पानाकडे पाहिलं.

"आप थीं, माताजी. दरवाजे में खड़ी थीं."

ती म्हणाली, "फिर से पढ़ो, बेटा."

बापूंनी बोट ओलं करून पानं मागे उलटली. तेवढ्यात अर्ज टाइप करून घ्यायला एकजण दारात आला. मी त्याला हातानंच गप्प बसायला सांगितलं.