चार खिडक्यांचं कॅन्टीन

स्त्रीचं शरीर महिनाभर एकसारखं नसतं, ही गोष्ट बुटांच्या कारखान्याला उशिरा कळली. पण कळली तेव्हा त्याला दम धरवेना. ताबडतोब कॅन्टीनला चार खिडक्या पाडण्यात आल्या. पहिलीवर पाळीच्या दिवसांसाठी गरम सूप आणि पालेभाजी. दुसरीवर पाळीनंतरच्या उभारीसाठी अंडी आणि मोड आलेली कडधान्यं. तिसरीवर मधल्या दिवसांसाठी फळं नि काकडी. चौथीवर पाळीआधीच्या चिडचिडीसाठी रताळी, भोपळ्याच्या बिया आणि काळ्या चॉकलेटचा एक तुकडा (एकच, चिडचिड फार असल्यास अर्ज करावा). पहिल्याच पाहणीत शंभरांपैकी एकशे चार बायकांना फायदा झाल्याचं आढळलं. (चौघींना दोनदा झाला.)

तपासनीस बाई या योजनेवर खूश होत्या, खोटं कशाला बोला! डावा-उजवा जोड जुळतो का, टाका कुठे सुटलाय का, हे बघण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि एवढ्या वर्षांत "बाई, जेवलात का?" असं तिथं कुणी विचारलं नव्हतं. सूप खरोखरच गरम असायचं. पहिल्या दिवशी तर त्यांना भरून आलं.

मात्र ताट घेऊन सगळ्या कॅन्टीनमधून चालत जावं लागे, आणि पुरुषांना डोळे होते. (ते काढून ठेवण्याची तरतूद योजनेत नव्हती.) बघता बघता कुणाची कुठली खिडकी चालू आहे, हे पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ झालं. त्यातून कामकाजाला शिस्त आली. चौथ्या खिडकीच्या बाईनं तक्रार केली की साहेब समजुतीनं म्हणत, पुढच्या आठवड्यात बघू. पहिलीच्या बाईला आराम करायला सांगत. दुसरीची उत्साहाच्या भरात बोलते म्हणून तिचं मनावर घेत नसत, आणि तिसरीची इतकी टवटवीत दिसे की तिला काही तक्रार असेल यावर कुणाचा विश्वासच बसत नसे. बाकीच्या दिवशी मात्र बायकांना मोकळेपणानं बोलायची पूर्ण मुभा होती.

साहेब स्वतः रोज ओरडत. त्यांना खिडकी नसल्यामुळे त्याला नेतृत्व म्हणत.

अशातच तपासणी विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. ती आपलीच, हे बाईंनी धरूनच ठेवलं होतं. सगळ्यांत जुन्या त्या, आणि विभाग चालवतही त्याच होत्या. त्यांच्या मुलाखतीसाठी समितीनं फार कळकळीनं दिवस शोधला. एक दिवस ठरला, तर बाई चौथीवर दिसल्या. पुढे ढकलला, तर पहिलीवर. दर वेळी "बाईंच्या तब्येतीला जपून" असा शेरा पडला. बाईंनी घरी नवऱ्यापुढे मन मोकळं करायला घेतलं, तर त्यानं आधी मायेनं विचारलं, "आज कुठली खिडकी होती?" त्या रात्रभर त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्याला त्याचं उत्तर मिळालं.

शेवटी जागा शिलाई विभागातल्या एका तरतरीत गृहस्थांना मिळाली. ते जिथे रांग कमी तिथे जेवत, म्हणजे चारही खिडक्यांवर. त्यामुळे त्यांचा आहार समतोल मानला गेला. टाका कसा पारखायचा, हे त्यांना बाईंनीच शिकवलं होतं.

अभिनंदनाच्या सभेत बाई उठून उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता.

"साहेब, ही जागा माझी होती. मला ती मागच्या महिन्यात हवी होती, आज हवी आहे आणि पुढच्या महिन्यातही हवी असेल. मला राग आलाय. तो काही खाऊन जायचा नाही."

 सगळ्यांच्या माना आपोआप दाराशी उभ्या असलेल्या कॅन्टीनच्या आचाऱ्याकडे वळल्या. त्यानं हळूच बोटं वर केली. साहेबांनी ती बघितली, सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढचा विषय घेतला. बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं नि त्या निघून गेल्या. पुन्हा त्या कारखान्यात त्यांनी पाऊल टाकलं नाही.

घडलं ते सगळं इथे जसंच्या तसं दिलं आहे. आचाऱ्यानं किती बोटं वर केली, तेवढं फक्त मुद्दाम सांगितलेलं नाही. तुम्ही मात्र ती केव्हाच मोजली असतील.