मोघेकाकांचं नाक

अंगाला सेंट मारून आलेल्या माणसाला मोघेकाका दारातूनच परसात पाठवत. "जरा वाऱ्यावर उभा राहा, मग आत ये. आत स्पेसाइडची व्हिस्की उघडलीय." शनिवारी दुपारी सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या त्यांच्या बॅकयार्डात वाळत घातल्यासारखी दोन-तीन माणसं हमखास उभी असत.

काका वेस्टमीडच्या इस्पितळात भूल देणारे डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सिंगल माल्ट व्हिस्की हाती घेतली आणि लोकांना गुंगी आणण्याचं काम पुढे चालू ठेवलं. घोट मिळण्याआधी व्याख्यान ऐकावं लागे. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, बार्ली कशी भिजवतात, पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर कशी सुकवतात, मग शेरीच्या पिंपात व्हिस्की वर्षानुवर्षं कशी झोपते. तोवर आम्हीही झोपत असू. शेवटी ट्यूलिपसारख्या ग्लासात तळ जेमतेम झाकेल एवढी व्हिस्की आणि वर ड्रॉपरने पाण्याचे थेंब. कोणी बर्फ मागितला, तर काका त्याच्याकडे पेशंटच्या भांडखोर नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहत.

स्कॉटलंडहून येताना त्यांनी एका डिस्टिलरीजवळचं पीटचं ढेकूळ डब्यात घालून आणलं होतं. सिडनी विमानतळावर ते माती म्हणून जप्त झालं. काकूंचं लोणचं मात्र सुटलं. "ह्या देशाला प्रायॉरिटीज नाहीत, मेट," असं काका अजून म्हणतात.

मला व्हिस्कीला व्हिस्कीचाच वास येतो, हे मी एकदा कबूल केलं. "तुला इथे कायम राहायचा पीआर मिळाला," काका म्हणाले, "तुझ्या नाकाला नाही मिळाला." त्यांना स्वतःला वाळके अंजीर, जुनं चामडं, समुद्रकाठचं शेवाळ असं काय काय येत असे. ही यादी बाटलीच्या खोक्यावरच छापलेली असावी, असा मला संशय होता. मी खोकं पाहिलं. होती.

गेल्या हिवाळ्यानंतर मात्र यादी बदलली. काका ग्लासात नाक घालून म्हणू लागले, "ओवा. भाजलेला." "गुळाच्या पाकाला जरा चटका बसलाय." "डांबरगोळ्या घालून ठेवलेली पैठणी." गंमत म्हणजे, हे वास मलाही यायला लागले. आणि क्वेकर्स हिलला राहणारा निखिल सेंटमध्ये न्हाऊन आला, थेट सोफ्यावर बसला, तरी काका अवाक्षर बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी जास्तीच्या खुर्च्या पोचवायला मी लवकर गेलो. बाजूच्या दाराशी पोचलो तर स्वयंपाकघरात ओट्यावर ग्लासांची रांग, आणि जन्मात थेंब न घेतलेल्या मोघेकाकू एकेका ग्लासात नाक खुपसत होत्या. काका शेजारी उभे राहून पाठांतर करत होते.

"अहो, तिसऱ्याला ओवा नाही! ओवा पहिल्याला."

"वसू, सांगून टाकू का सगळ्यांना? हिवाळ्यातल्या त्या तापात वास गेला तो गेलाच."

"सांगा की."

"मग कोण येईल गं आपल्याकडे? मुलगा मेलबर्नला. शनिवार सोडला तर आपल्या बेलला हात कोण लावतं?"

मी खुर्च्या उचलल्या, पुढच्या दाराला गेलो आणि बेल वाजवली.

मंडळी जमली. काकांचं पाठांतर चोख होतं. पण तेवढ्यात निखिलने कागदात गुंडाळलेली बाटली काढली. "काका, आज ब्लाइंड! ओळखा बघू कुठली."

काकांनी ग्लास नाकाशी नेला. खाली घेतला. पुन्हा नेला.

"काका, आधी व्याख्यान होऊन जाऊ दे," मी म्हणालो. त्या घरात व्याख्यान मागून घेणारा मी पहिलाच.

"नो, नो, आधी उत्तर!" निखिल म्हणाला.

काकू चकल्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी ताटली टेबलावर ठेवली आणि काकांच्या हातातून सरळ ग्लास काढून घेतला.

"काकू, तुम्ही?"

"का? मला नाक नाही?" त्यांनी वास घेतला. "निरांजन विझल्यावर येतो ना, तो धूर. आणि आयोडीन. ह्यांच्या इस्पितळातल्या कपड्यांना यायचं, तसं."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "स्कॉटलंडच्या आयला बेटावरची. भरपूर पीट आहे."

निखिलने कागद फाडला. बरोबर होतं. टाळ्या पडल्या. "माझं नाक गेलंय रे," काका म्हणाले. "हिवाळ्यापासून. हे सगळं हिचं आहे." मग निखिलने आपला ग्लास काकूंपुढे धरला. "काकू, ह्यात काय येतंय?" पाठोपाठ सगळेच ग्लास पुढे आले.

संध्याकाळी पांगापांग झाल्यावर मी खुर्च्या घडी करत होतो. मागच्या पायरीवर दोघं बसली होती.

"अजून काय येतंय?" काकांनी विचारलं.

"कशात?"

"कशात नाही. असंच. इथे."

काकूंनी हवेतला वास घेतला. "शेजारच्यांनी गवत कापलंय. कोणीतरी कांदा परततंय. मोगऱ्याला एक फूल आलंय बहुतेक, दिसत नाहीये."

काकांनी डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.